पट्टीवरून बाजूला व्हा

मागून हॉर्न वाजला तेव्हा मी फूटपाथवर होतो. नव्याकोऱ्या, चांगल्या अडीच मीटर रुंद फूटपाथवर. तरी दचकून बाजूला झालो आणि वर "सॉरी" म्हणालो. त्या "सॉरी"चा राग अजून उतरलेला नाही.

स्कूटरवर पन्नाशी उलटलेले गृहस्थ. हँडलच्या दोन्ही टोकांना भाजीची एकेक पिशवी, हेल्मेट कोपरात अडकवलेलं.

"अहो, पट्टीवरून बाजूला व्हा की!"

"कुठल्या?"

"ही काय, पिवळी! टू-व्हीलरची लेन आहे. मी कधी लेन सोडत नाही."

पट्टीची रुंदी ३०० मिलिमीटर. तेवढ्यात मावेल ती टू-व्हीलर म्हणजे सर्कशीतली एकचाकी. मी म्हटलं, "काका, ही अंधांसाठी असते."

"अंधांना पिवळं दिसतं होय?"

प्रश्न बिनतोड होता, पण त्याला उत्तर आहे. ज्यांना अंधुक दिसतं त्यांच्यासाठी पिवळा रंग. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी वरचे उंचवटे. लांब रेघा म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. आमच्या रस्त्यावर रेघा सरळ विजेच्या डीपी बॉक्सपर्यंत जातात आणि तिथे संपतात. ठिपके नाहीत. फरशी बसवणाऱ्याच्या हातात बहुधा त्या दिवशी रेघांचीच खोकी आली असावीत.

"मग खालून जा ना, रस्ता आहे की."

"रस्ता ठेवलाय कुठे? सगळा फूटपाथ करून टाकलाय. म्हणून तर वर यावं लागतं!"

ह्यावर माणसाने काय बोलावं? फूटपाथने जी जागा "खाल्ली" ती आधी मोटारींच्या डबल पार्किंगने खाल्लेलीच होती, त्यातून कुणी गाडी चालवत नव्हतं. कोंडी होते ती चौकात, दोन चौकांच्या मध्ये नाही. त्यामुळे साडेतीन मीटरची लेन तीनची केली तर गाड्या तेवढ्याच जातात, फक्त मधल्या मोकळ्या पट्ट्यात सुसाट सुटत नाहीत. शिवाय कोपऱ्यावर फूटपाथ पुढे काढला की ओलांडायचं अंतर कमी होतं. चालणारा सेकंदाला साधारण १.२ मीटर जातो. १४ मीटरला जवळपास १२ सेकंद, ९ मीटरला साडेसात. आजींच्या हिशेबात हे चारेक सेकंद फार मोठे असतात. हे मी काकांना सांगितलं नाही. ते घड्याळ बघत होते.

खरा दोष काकांचा नाहीच (आहे, पण आधी दुसऱ्यांचा). फूटपाथची कड १५० मिलिमीटर उंच. स्कूटर त्यावर सुखाने चढत नाही. मग चढली कुठून? सोसायटीच्या गेटमधून. प्रत्येक गेटपाशी आपण अख्खा फूटपाथ खाली उतरवतो आणि पुढे पुन्हा चढवतो. चालणाऱ्याच्या गुडघ्यांना घसरगुंडी आणि स्कूटरला आयता रॅम्प! फूटपाथ एका पातळीत ठेवून मोटारीला कडेच्या छोट्या उतारावरून चढायला लावायचं, एवढी साधी गोष्ट. पण चढायचं कुणी, चालणाऱ्याने की मोटारीने, हा प्रश्न आला की आपल्याकडे उत्तर ठरलेलं.

आणि ती १५०ची कड तरी टिकते का? जुना थर न खरवडता त्यावर ४०-५० मिलिमीटर डांबर ओतलं, असं दोनदा झालं की फूटपाथ रस्त्याला जवळपास भेटायलाच येतो. मग पावसाचं पाणी वर. तेच क्रॉसिंगचं. झेब्रा उचलून फूटपाथच्या पातळीत आणला की गाडी आपसूक हळू होते, पण दोन्ही कडांना पाणी जायला वाट ठेवली नाही, तर पहिल्या पावसात अलीकडे तळं. मग लोक म्हणणार, डिझाइनच चुकलं.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. चांगली गोष्ट आहे. बैलालाही पोळ्याला पुरणपोळी मिळते.

तर काका. पुढे बोलार्ड होते, म्हणजे गाड्या अडवायला रोवलेले खांब. व्हीलचेअर जायची तर दोन खांबांत किमान ९०० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी लागते आणि स्कूटर हँडलपाशी भरते जेमतेम ७००. म्हणजे खांब अडवतात ते मोटारीला; स्कूटरला नाही, तिला कड अडवते, नाहीतर पोलीस. काका ऐटीत खांबांपाशी गेले आणि अडकले. पिशव्या! दोन्ही बाजूंनी दुधी बाहेर आलेले.

मागे वळून म्हणाले, "अहो, बघताय काय? जरा पिशवी धरा."

मी धरली. दोन्ही.