फुगलेल्या बॅटरीला सुई टोचू नका

'फोटोग्राफर बांधवांसाठी घरगुती उपाय' हा मेसेज लग्नसराईपासून यवतमाळ जिल्ह्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, सुई चालते का टाचणीच पायजे?" पोरगा घाटंजीकडे लग्नाचे फोटो काढतो. त्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगली होती आणि मेसेजात लिहिलं होतं: बारीक भोक पाडा, गॅस काढा, चिकटपट्टी लावा, पुन्हा चार्जिंगला लावा.

हे लिहिणाऱ्याने बॅटरीच्या आत काय असतं ते कधी वाचलं तरी आहे का? कॅमेऱ्यात लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात धन आणि ऋण थरांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो आणि सगळं पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं असतं. सुईने तो पडदा फाटला की आतच शॉर्ट सर्किट होतं, उष्णता वाढत जाते आणि बॅटरी हातातच भडकू शकते. धूरही विषारी असतो. कॅमेऱ्यासोबत येणारी माहितीपुस्तिका काढा. बॅटरी उघडू नका, तापवू नका, असं तिथे इशाऱ्यांच्या पानावर स्पष्ट छापलेलं असतं. फुगलेली बॅटरी चार्ज करायचीच नाही. सहज निघाली तर काढून फरशीवर, कपड्या-कागदांपासून लांब ठेवा. अडकली असेल तर पेचकस घालून उचकटू नका, तशीच सर्व्हिस सेंटरला न्या. उकिरड्यावरही टाकू नका, तिथे गुरं-लेकरं फिरतात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. दुकानदाराला ठणकावून विचारा.

दुसरा उपाय म्हणे, भिजलेला कॅमेरा टिनावर उन्हात वाळवा. विदर्भात! कॅनन १५००डी या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ०° ते ४०° सेल्सिअस दिलंय. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला सावलीतच पारा ४५च्या वर जातो, मग तापलेल्या टिनावर काय होत असेल? लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्यांवर उतरतं. लेन्स सूर्याकडे राहिली तर आतले भाग जळतात, ते वेगळंच.

तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा सल्लाही सोडून द्या. तांदळाची भुकटी बटणांत आणि फटींत शिरते.

एक गोष्ट मात्र मेसेजात बरोबर आहे, ती मान्य करावीच लागेल: कॅमेरा भिजला की चालू करून पाहू नका, आधी बॅटरी काढा. तेवढं करा. मग कार्ड काढा, सुती कपड्याने पुसा, झाकणं उघडी ठेवून सावलीत पंख्याखाली ठेवा. कोरडा झाल्यावर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात भरा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते ती बंद बॅगेत कोंडलेल्या ओलीने.