पैसं परत दिलं का त्यानं?

गेल्या वर्षीची गोष्ट. एक वस्ताद कुस्ती मैदानाचं पोस्टर तपासायला दुकानात आले होते. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं करतो. प्रिंट निघेपर्यंत त्यांनी टेबलावरचा माझाच एक लेख उचलला. खाशाबा जाधवांवरचा. चष्मा खाली सरकवून, ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. मी आतून खूश. लेखात सगळा माल भरला होता: जिद्दीचा धगधगता अंगार, स्वप्नांना फुटलेले पंख, नियतीला दिलेलं आव्हान.

अंगारावरनं बोट झरझर गेलं. पंखांवर तर थांबलंच नाही. दुसऱ्या पानावर एका ओळीशी मात्र अडकून बसलं. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबांकडं पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ती ओळ.

"पैसं परत दिलं का त्यानं?"

मला सांगता येईना. अडीच हजार शब्द लिहिले होते आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

वस्तादांनी कागद ठेवला, पोस्टरमधल्या दोन जोडी खालीवर करून घेतल्या आणि गेले. मी रात्री शोधत बसलो. ब्राँझ घेऊन परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, त्यात स्वतः लढले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळवून देणारा पहिला माणूस घरी आल्यावर पुन्हा लांग चढवतो, कशासाठी, तर मास्तरांचं कर्ज फेडायला! माझ्या लेखात या प्रसंगाचं नावही नव्हतं. अंगार तेवढा तीनदा होता.

त्या दिवसापासून प्रेरणादायी लेख म्हटलं की मला एकच शब्द सुचतो: हिशेब. वाचक हिशेब वाचतो. कुणी दिलं, किती दिलं, किती दिवस लागले, किती वेळा हरला, फेडलं कसं. आपल्याकडं दूध कट्ट्यावर उभा असलेला माणूससुद्धा 'तो लई कष्टानं वर आला' एवढ्यावर गप्प बसत नाही. लगेच विचारतो, "म्हंजे नेमकं केलं काय त्यानं?" लेखक हा प्रश्न टाळतो आणि तिथंच वाचक सुटतो.

खाशाबांचंच घ्या. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. हे वाक्य बहुतेक लेखांत नसतंच, कारण सहावा नंबर प्रेरणादायी वाटत नाही. मला तर गोष्टीचा जीव तिथंच दिसतो. तांबड्या मातीत वाढलेला पोरगा तिथं मॅटवर लढला. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी. मग चार वर्षांत त्यानं काय बदललं? आता वाचक पान उलटेल, कारण त्याला उत्तर पाहिजे. 'अपयशानं खचून न जाता' असं लिहून ती चार वर्षं गुंडाळली, तर उलटायला उरतं काय? (आणि पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं! यावर अंगारवाले काहीच बोलत नाहीत.)

बावीस वर्षं दुसऱ्यांचे लेख टाइप करतोय म्हणून थोडं हक्कानं बोलतो. महाराष्ट्रात प्रेरणेचा तुटवडा नाही. एडिसनचे हजार फसलेले दिवे मी इतक्या वेळा टाइप केलेत की आता बोटं आपोआप चालतात. आइन्स्टाईन गणितात नापास झाला होता, हेही दर दिवाळीला येतं. तो नापास झाला नव्हता. पंधरावं लागायच्या आधी कॅल्क्युलस शिकला होता. आणि सगळ्यात लाडका तो गरुड! चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नवी यायची पाच महिने वाट बघतो आणि आणखी तीस वर्षं जगतो म्हणे. अहो, चोच नसलेला पक्षी पाच महिने खाणार काय? पण लेख खाली 'बदलाला घाबरू नका' म्हणून मोकळा. खोटी गोष्ट सांगून माणसाला उभारी देता येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आठवीतल्या पोरासमोर गरुड सांगून बघावा. पहिला प्रश्न तो खाण्याचाच विचारतो.

मीही काही कमी नाही. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या भागातली दुकानं पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मी काय लिहावं? 'राखेतून उठणारा फिनिक्स'. पुरात राख कुठली, हेसुद्धा सुचलं नाही. शेजारचे टेलरकाका चिखल उपसत होते. त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "फिनिक्सचा इन्शुरन्स हुता वाटतं."

मग मी गप बाजूला बसून बघितलं. त्यांनी शिलाई मशीन पूर्ण खोललं. एकेक पार्ट रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासला, जुन्या परकराच्या कापडानं पुसला, उन्हात ओळीनं मांडला. ओळीनं का? जोडताना क्रम चुकू नये म्हणून. बॉबिन केसमधला गाळ त्यांनी सुईनं काढला. मोटर मात्र स्वतः उघडली नाही, वाइंडिंगवाल्याकडं दिली. अकराव्या दिवशी पहिलं काम आलं, शाळेच्या चड्डीला चेन लावायचं. मी हे जसंच्या तसं लिहिलं, एकही विशेषण न लावता. त्या पोस्टवर लोकांनी 'सलाम' कमी लिहिला आणि विचारलं जास्त: रॉकेल मिळालं कुठं, मोटर वाचली का, वाइंडिंगचे किती घेतले? एका बाईंनी स्वतःच्या मशीनचा फोटो टाकून कुठला स्क्रू आधी काढायचा ते विचारलं. फिनिक्सवाल्या लेखाला त्याच्या दुप्पट लाईक होते. पण स्क्रू विचारणाऱ्या त्या बाईंनी नक्की शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि मला तेवढी एक वाचक पुरते.

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं. संध्याकाळपर्यंत माझ्याकडं सहा जण लेख डिझाईन करायला आले. सहाही लेखांचं शीर्षक 'तिकीट कलेक्टर ते ऑलिम्पिक' याच वळणाचं. जणू सकाळी गाडीत तिकिटं तपासली आणि दुपारी बंदूक उचलली! पोरगा दहा वर्षांहून जास्त काळ या खेळात होता. पात्रता फेरीत तो सातवा होता, आणि फायनलला घेतात आठच. फायनलमध्ये आधी गुडघ्यावर बसून नेम, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून. पहिल्या टप्प्यानंतर तो सहावा, दुसऱ्यानंतर पाचवा. उभं राहून नेम धरणं तिन्हींत अवघड, आणि हा वर सरकला तो तिथंच. याहून चांगला लेख कुठल्या लेखकाला बसल्या जागी मिळणार आहे? फक्त लिहिणाऱ्यानं सातवा, सहावा, पाचवा, तिसरा हे सावकाश सांगायला पाहिजे. घाई केली की संपलं.

सुरुवातीबद्दल एवढंच सांगतो, की फेसबुक चार-पाच ओळींनंतर 'सी मोअर'ची कात्री लावतं आणि आपली मंडळी तेवढ्यात यशाची व्याख्या करत बसलेली असतात. व्याख्या वाचायला कोण बोट लावेल?

आणि उपदेश. शाहू महाराजांनी समतेवर भाषणं केली, कायदे केले, सगळं आहेच. पण आमच्या आजीला त्यातलं एकच ठाऊक होतं: दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं आणि महाराज तिथं जाऊन चहा प्यायले. सोबतच्या मंडळींनाही प्यावा लागला. आजी ही गोष्ट सांगून गप्प व्हायची. 'म्हणून बाळांनो' असं एकदाही म्हणाली नाही. आम्हीच बराच वेळ विचार करायचो, त्या बरोबरच्यांचे चेहरे कसे झाले असतील.

खाशाबांचा लेख मी पुन्हा लिहिला. अंगार काढला, पंख काढले, कर्ज फेडायच्या कुस्त्या घातल्या. नऊशे शब्दांत बसला. परवा वस्ताद यंदाच्या मैदानाचं पोस्टर घेऊन आले, तेव्हा मुद्दाम त्यांच्यापुढं ठेवला. उभ्या उभ्या, बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचला. कागद खाली ठेवला. मी वाट बघतोय.

त्यांनी पोस्टर हातात घेतलं, लांब धरलं आणि म्हणाले, "ह्यात इनामाचा आकडा बारीक झालाय की रं. मोठा कर. पोरं लांबनं बघत्यात."