पाचव्याचे पथ्य

माझ्या पिकअपला पाच गिअर आहेत आणि त्यांपैकी चार मला वापरता येतात. पाचवा आहे, दिसतो, दांडीच्या मुठीवर त्याचा आकडाही कोरलेला आहे. परंतु मागे ट्रेलर जोडलेला असताना त्याच्या वाटेला जायचे नाही, असे मला एका अधिकारी माणसाने बजावले आहे. मधुमेह्याच्या घरात फराळाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवलेला असतो आणि घरातला मधुमेही येता-जाता त्या फळीकडे पाहत असतो. माझा पाचवा गिअरही वरच्या उजव्या कोपऱ्यातच आहे.

गाडी १९९७ सालची आहे. डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने एवढी जुनी आणि एवढी अवजड डिझेल पिकअप का घ्यावी, याचे कारण पूर्णपणे भावनिक आहे. तिच्या बॉनेटखाली ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे कमिन्स इंजिन आहे, आणि माझे बालपण कोथरूडला गेले. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली तेव्हापासून आमच्या भागात ‘कमिन्समध्ये आहे’ एवढ्या दोन शब्दांवर लग्ने ठरत असत. सात समुद्रांपलीकडे, एका धुळकट अंगणात, विक्रीच्या पाटीखाली ते नाव वाचल्यावर मी पुढची चौकशी केली नाही. केली असती तर कळले असते की इंजिन एका घराण्याचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा आहे. त्या दुसऱ्या घराण्याचे नाव मी घेणार नाही. फारच आग्रह झाला तर उखाण्यात घेईन.

हे इंजिन २१५ अश्वशक्तीचे आहे, पण त्याचे खरे बळ अश्वशक्तीत नसून पिळात, म्हणजे टॉर्कमध्ये, आहे, आणि तो सगळा पीळ ते मिनिटाला १६०० फेऱ्यांनाच देऊ लागते. एवढ्या सावकाश फिरणाऱ्या सहा सिलिंडरांतला प्रत्येक स्फोट शाफ्टला एक स्वतंत्र हिसका देतो. वेगात फिरताना हे हिसके एकमेकांत मिसळून जातात. मात्र वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांत, मागे ओझे असताना आपण पेडल दाबले की ते सुटे सुटे होऊन गिअरबॉक्सवर हातोड्यासारखे पडतात. गिअरबॉक्स बिडाचा, वजनाला चांगल्या धष्टपुष्ट माणसाएवढा; त्याला या हातोड्याचे काही वाटत नाही. वाटते ते मेन शाफ्टच्या शेपटाकडच्या टोकाला, पाचव्या गिअरला जागेवर धरून बसलेल्या एका नटाला. ते नट कंटाळते, हळूहळू सैल होते, आणि मग पाचवा गिअर शाफ्टवरून मागे सरकून निवृत्ती घेतो.

माझ्या गाडीत ही निवृत्ती नेब्रास्काच्या सपाट मैदानात झाली. मागे एका स्नेह्याच्या घरसामानाचा ट्रेलर होता, रस्ता सरळ होता, आणि डिझेल वाचवण्याच्या पुणेरी सद्हेतूने मी पंचेचाळीस मैलांच्या वेगालाही पाचव्यातच रेटून चाललो होतो. एकाएकी इंजिन मोकळेपणाने गाऊ लागले आणि गाडी मात्र मंदावू लागली. दांडी पाचव्यातच होती. मी ती काढून पुन्हा पाचव्यात घातली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली, आणि इतकी गुळगुळीत ती आयुष्यात कधी गेली नव्हती. मला आनंदच झाला. वस्तू बिघडण्यापूर्वी क्षणभर सुधारते, हा अनुभव फक्त वीज जाण्यापूर्वीच्या दिव्यापुरता नाही, हे मला त्या दिवशी समजले. उरलेले अंतर मी चौथ्या गिअरमध्ये काटले आणि सौभाग्यवती वाटेतले धान्याचे कोठार न् कोठार मोजत बसली.

ज्या मेकॅनिकने तो गिअरबॉक्स उघडला, तो डेन्व्हरच्या पूर्वेला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतो आणि त्याचा स्वभाव अस्सल वैद्याचा आहे, म्हणजे तो औषधापेक्षा पथ्य जास्त देतो. त्याने नवे नट बसवले, ते पुन्हा सुटू नये अशी तजवीज केली, आणि मग मला समोर बसवून विचारले की ओझे ओढताना तू कोणत्या गिअरमध्ये असतोस. मी खरे सांगितले. त्याने चष्मा काढून पुसला. त्यानंतर त्याने एका खोक्याच्या झाकणावर चित्र काढून मला समजावले की चौथ्यात इंजिनाची एक फेरी ती शाफ्टचीही एक फेरी, त्यामुळे शक्ती सरळ आरपार जाते, मधल्या कोणत्याही दात्याला तसदी पडत नाही. पाचव्यात मात्र ती आधी खालच्या जोडशाफ्टवर, म्हणजे काउंटरशाफ्टवर, उतरते, तिथून मागच्या टोकापर्यंत जाते आणि पुन्हा वर चढते. सरकारी कचेरीत फाईल फिरलेली ज्याने पाहिली आहे, त्याला याहून अधिक सांगावे लागत नाही. थेट साहेबांकडे जाणारा मार्ग उपलब्ध असताना मी तीन टनांची फाईल खालच्या टेबलावरून फिरवत होतो.

पथ्याचा दुसरा भाग तेलाचा होता. मी आजवर या गिअरबॉक्सला डिफरन्शियलचे जीएल-५ प्रतीचे तेल पाजत आलो होतो, कारण त्यातला पाच हा आकडा जीएल-४ मधल्या चारापेक्षा मोठा आहे आणि आम्ही गुणपत्रिका वाचत वाढलेली माणसे आहोत. त्या तेलातली गंधकयुक्त द्रव्ये आतल्या पितळी भागांना बाधतात आणि या पेटीला तिच्याचसाठी नेमून दिलेले जीएल-४ प्रतीचे सिंथेटिक तेलच लागते, तेही जवळजवळ चार लिटर, हे ऐकल्यावर मला माझ्या आजोबांची आठवण झाली. त्यांनाही घरातले सगळे तेल चालत असे, फक्त डोक्याला नेमलेले एकच तेल लागे, आणि ते संपले की घरात कोणाचीच धडगत नसे. डेन्व्हरच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी दांडी दुसऱ्यात घालताना जो करकर आवाज येतो, तो येऊ नये म्हणून मी आता पहिली पाच मिनिटे गाडी अगदी हळू, गोठलेली खोबरेलाची बाटली उन्हात धरावी तशा संयमाने चालवतो. शेजारी मला आजारी समजतात.

तिसरे पथ्य दांडीवर हात न ठेवण्याचे. हे सर्वांत अवघड आहे. चालवताना एक हात दांडीवर विसावणे ही माझी पन्नास वर्षांची ऐट आहे. ती मी लहानपणी एसटीच्या ड्रायव्हरकडे पाहून उचलली. परंतु त्या हाताचा भार दांडीतून आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जातो आणि फोर्क फिरत्या कड्यावर सतत घासत राहतो, असे कळल्यापासून तो हात कुठे ठेवावा हा प्रश्न निर्माण झाला आहे. नवरदेवाचे फोटो काढताना त्याला हातांचे काय करावे हे कळत नाही, तसे माझे होते. एसटीच्या ड्रायव्हरची दुसरी विद्या मात्र कामी आली. खाली गिअर घेताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून पेडलाला एक टिचकी, पुन्हा क्लच आणि मग गिअर, हा डबल क्लचचा विधी मी बोरघाटात खिडकीशी बसून पाठ केला होता. तो केला की गिअरांचे वेग जुळवून देणाऱ्या सिंक्रोनायझरचे कष्ट वाचतात. आमची कन्या विजेवरची गाडी चालवते. तिने एकदा माझे पाय पाहून विचारले, “बाबा, तुम्ही गाडी चालवताय की पेटी वाजवताय?”

आता इतके पथ्य असलेल्या गाडीने घरी स्वस्थ बसावे. पण आमच्या मंडळात ओझे ओढू शकणारे वाहन एकच आहे. त्यामुळे गणेशोत्सवाचे मखर, मांडवाचे लाकूड, ढोल, सतरंज्या आणि मसालेभाताची पातेली यांचा ट्रेलर दरवर्षी माझ्याच मागे लागतो. गेल्या वर्षी पर्वतापलीकडे ग्रँड जंक्शनला राहणाऱ्या पाच-सात मराठी कुटुंबांनी आमचे सगळे सामान उसने मागितले. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथून आय-७० महामार्ग ज्या आयझेनहॉवर बोगद्याशी चढतो, तो ११,१५८ फुटांवर आहे. म्हणजे तीन बोरघाट एकावर एक रचून त्यांच्या माथ्यावर पातेली नेऊन ठेवायची होती.

चढ मी चौथ्यात घेतला, आणि इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ लागले की निमूटपणे तिसऱ्यात उतरलो. उजव्या बाजूच्या रांगेत ताशी पस्तीस मैलांनी, लुकलुकणारे दिवे लावून, मालवाहू ट्रकांच्या पंगतीत मी बसलो होतो. विरळ हवेत सौभाग्यवतीला धाप लागली, मला लागली, इंजिनाला हवा दाबून भरणारा टर्बो असल्यामुळे तेवढे एकटे ठीक होते. बोगदा संपल्यावर सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार लागतो आणि बाजूला सुटलेल्या ट्रकांसाठी खडीने भरलेल्या चढत्या पट्ट्या केलेल्या आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. डिझेल इंजिन स्वतः होऊन गाडी फारशी रोखत नाही म्हणून मी धुराची वाट अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेकही बसवून घेतलेला आहे. तो लावला की गाडी रागावलेल्या म्हशीसारखी हुंकारते. त्या हुंकारात पातेल्यांची झाकणे वाजू लागली आणि आम्ही झांजा वाजवत रॉकी पर्वत उतरलो.

खरा प्राणांतिक प्रसंग मात्र पर्वतात आला नाही, तो यजमानांच्या दारात आला. त्यांच्या अंगणाचा रस्ता चढाचा आणि खडीचा, आणि ट्रेलर मागे ढकलत न्यायचा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावे लागते हे सर्वांना माहीत असल्यामुळे सगळी कुटुंबे मला एकाच वेळी सूचना देऊ लागली. “काका, डावीकडे!” “अहो, त्यांचं डावं नाही, ट्रेलरचं डावं!” अर्धा क्लच, थोडे मागे, पुन्हा अर्धा क्लच, तिसऱ्या खेपेला जळकट वास आला. एक काकू म्हणाल्या की वडे करपले वाटते. वडे करपले नव्हते, माझी क्लच प्लेट करपत होती. अखेर मला सुचले आणि मी ट्रान्सफर केसचा, म्हणजे चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या दुसऱ्या गिअरपेटीचा, सावकाश चालीचा ‘लो’ गिअर टाकला. गाडी मुंगीच्या पावलाने, क्लचवर जराही न घसरता, मागे जाऊ लागली. ज्यांनी सूचना दिल्या होत्या त्या सर्वांनी यश आपापसांत वाटून घेतले.

चार दिवसांनी परतताना सामान दुसरा कोणी घेऊन येणार होता. माझ्यामागे फक्त रिकामा ट्रेलर होता. ग्रँड जंक्शन सोडल्यावर रस्ता कोलोरॅडो नदीच्या कडेने बराच वेळ सपाट जातो. ऊन कोवळे होते, सौभाग्यवती डोळे मिटून बसली होती, इंजिन पासष्ट मैलांच्या वेगाला चौथ्यात ओरडत होते, आणि वरचा उजवा कोपरा रिकामा होता. मी क्लच दाबला. दांडी पाचव्यात सरकली, इंजिन एकदम शांत झाले, आणि मी श्वास रोखून नटाची चाहूल घेऊ लागलो.

“पाचवा टाकलात?” डोळे न उघडता सौभाग्यवतीने विचारले.

“ट्रेलर रिकामा आहे.”

“रिकामा आहे,” ती म्हणाली, “पण जोडलेला आहे ना?”

मी दांडी पुन्हा चौथ्यात आणली आणि उजवा हात मांडीवर ठेवला.