नसलेला कॉम्प्रेसर

कोटाच्या बटणाएवढा एक स्विच. त्याच्यापायी मागच्या रविवारी मी कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या माझ्या गाडीच्या, मागे साडेतीन तास उकिडवा बसलो होतो. त्यातले निदान दोन तास माझ्या पाठीशी एक घडीची खुर्ची होती आणि त्या खुर्चीत काका होते. काका म्हणजे शेजारच्या कॅम्परमधले. नात्याने माझे कोणीही नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

बिघाड दोन ओळींचा. फ्रिज रात्री गार आणि दुपारी कोमट. मागच्या बाजूला पत्र्याच्या पात्यांची एक रांग असते, तिच्यावरून गरम हवा बाहेर ढकलणारा बारा व्होल्टचा पंखा असतो, तो फिरेना. फ्यूज ठीक. तापमानानुसार पंखा चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅट स्विचच्या दोन वायरी सोडवून एकमेकींना जोडल्या, तर पंखा भुर्रकन सुरू. म्हणजे पंखा निर्दोष, गुन्हेगार स्विच. पाच मिनिटांत निदान! त्या आनंदात मी कंबर सरळ करायला उभा राहिलो आणि काकांना दिसलो.

"कॉम्प्रेसर गेला वाटतं."

"नाही काका, याला कॉम्प्रेसर नसतो."

काका काही न बोलता वळले. मला वाटलं, सुटलो. ते खुर्ची आणायला गेले होते.

"नसतो म्हणजे? चोरीला गेला?"

"मुळातच नसतो. हा गॅसवर चालतो. खाली ज्योत पेटते, तिच्यावर अमोनिया विरघळलेलं पाणी तापतं..."

"ज्योत पेटते."

"हो."

"फ्रिजमध्ये."

"फ्रिजच्या मागे."

"आणि तो गार का होत नाही, हे तू शोधतोयस?"

पहिल्या वाक्यानंतर 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते कळलंच नाही. मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण समोरचा ऐकतोय असं वाटलं की मला समजावून सांगायचा झटका येतो. मी सांगितलं, की तापल्यावर अमोनियाची वाफ वर चढते, या पात्यांमध्ये निवून तिचं द्रव होतं, ते आत उतरून हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होतं आणि वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतं. पुढे पाणी त्या अमोनियाला परत पोटात घेतं, की फेरा पुन्हा सुरू. दुपारी बाहेरच उकाडा असला, की पाती निवत नाहीत, म्हणून पंखा.

"हायड्रोजन?" काकांनी खुर्ची दीड फूट मागे सरकवली. हात लांब केला तरी मला पाना देता येणार नाही, पण सल्ला नीट पोचेल, असं ते अंतर होतं.

"घाबरू नका, सगळं वेल्डिंग करून बंद केलेलं असतं. १९२२ साली स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, हे शोधून काढलं."

"विद्यार्थ्यांनी! तरीच."

मग मी आइनस्टाइनला मध्ये ओढलं. आपलं म्हणणं पटेना की माणूस मोठी नावं घेतो. त्यानेही सिलार्ड नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर हलता भाग नसलेला फ्रिज रचला होता आणि १९३० साली त्याचं अमेरिकेत पेटंटही मिळालं.

"मग तो का नाही घेतलास?"

"तो बाजारात आलाच नाही, काका."

"बघ. त्याला कळलं."

हा संवाद चालू असताना माझा उजवा हात जाळीच्या भोकातून कोपरापर्यंत आत होता. फ्रिज बनवणाऱ्याने आणि गाडी बनवणाऱ्याने एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, याबद्दल माझी खात्री आहे. भोक खाली, स्विच वर, आणि मध्ये इतकी गरम नळी की गॅस बंद करून अर्धा तास झाला तरी तिने मनगटावर एक लाल रेघ ओढलीच. क्लिपचा स्क्रू भिंतीकडे तोंड करून. ज्या भागाचं कामच आज ना उद्या बिघडणं आहे, तो असा लपवतात कशाला? वर हा स्विच सुटा मागितला की मिळत नाही. पंखा, वायरी, पट्टी असा सगळा संच घ्या म्हणतात. बटण तुटलं तर कोट घ्या! हे मी हसत लिहीत नाहीये.

स्विच स्वतः बिचारा साधा. आत दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली चकती. तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत, त्या ओढाताणीत चकती टक् करून उलटी होते आणि जोडणी बदलते. संसाराची उपमा मुद्दाम टाळतो.

मी दूरदर्शी माणूस. दुसरीकडून शोधून एक सुटा स्विच वर्षभर आधीच घेऊन ठेवलेला. तो बसवला, वायरी जोडल्या, आणि पंखा लगेच सुरू! काकांकडे विजयी नजर टाकून मी गॅस पेटवला. पाती हळूहळू तापली. चांगली चटका बसण्याइतकी तापली, तेव्हा आतून टक् झालं आणि पंखा थांबला.

"उकडायला लागलं की बंद होतो होय?" काका म्हणाले. "असतो स्वभाव एकेकाचा."

मी पुन्हा वायरी तपासल्या. पुन्हा फ्यूज. पुन्हा कोपरापर्यंत हात. तोवर काकांनी स्विचची रिकामी पिशवी उचलून, चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांपासून चार बोटांवर धरली होती.

"यावर एन.सी. लिहिलंय. नो कॉम्प्रेसर का?"

नाही. नॉर्मली क्लोज्ड. म्हणजे गार असताना जोडलेला, तापला की तुटणारा. मला हवा होता एन.ओ., गार असताना तुटलेला आणि तापल्यावर जुळणारा. दोघांचं अंग, रंग, पाय सगळं सारखं, फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर वर्षभर माझ्या खणात होतं. मी वाचलं नव्हतं. काकांनी वाचलं, तेही चुकीचं, आणि तरी बरोबर जागी बोट ठेवलं. हे मला अजून पचलेलं नाही.

बुधवारी योग्य स्विच पार्सलने आला. पन्नास अंशांचा, एन.ओ. वीस मिनिटांत बसला, कारण आता माझ्या हाताला आतला रस्ता पाठ आहे. तपासायला गरम हवा हवी होती, ती काकांच्या हेअर ड्रायरने दिली. काकांच्या डोक्यावर एकही केस नाही. मी विचारलं नाही. टक् झालं, पंखा फिरला.

काल संध्याकाळी पलीकडच्या रांगेतले एक गृहस्थ चौकशीला आले. "काकांनी तुमचा कॉम्प्रेसर बदलून दिला म्हणे?"

"कॉम्प्रेसर नाही हो. याला कॉम्प्रेसर नसतोच."

ते थबकले. मग काही न बोलता वळून आपल्या कॅम्परकडे चालू लागले. मी बघत उभा राहिलो. परत आले तेव्हा त्यांच्या काखेत खुर्ची होती.