टँकमधल्या झाडांना फूल यावं म्हणून युरिया टाकू नका

फिश टँकचा नाद असलेल्या कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. त्यात सांगितलंय की टँकमधल्या झाडाला फूल आल्याशिवाय नवी रोपं मिळत नाहीत. फुलासाठी लाइट रात्रंदिवस चालू ठेवा, आठवड्याला चमचाभर युरिया टाका. ॲमेझॉन स्वोर्ड, जावा फर्न, अनुबियास, सगळ्यांना हेच लागू. आणि रोपं जास्त झाली तर रंकाळ्यात सोडा, तलाव सजेल. यातलं एकही खरं नाही. दोन सल्ले तर माशांच्या आणि तलावाच्या मुळावर येणारे आहेत.

युरियाचं आधी बोलू, कारण मासे त्यानेच मरतात. आपल्या ऊसपट्ट्यात युरिया घरातच असतो, म्हणून हा सल्ला लगेच पाळला जातो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतं. चमच्यात ५ ग्रॅम युरिया धरला तर त्यात २.३ ग्रॅम नायट्रोजन आलं, म्हणजे ६० लिटरच्या टँकमध्ये लिटरमागे ३८ मिलिग्रॅम. पाण्यातले जिवाणू युरिया फोडून त्याचा अमोनिया करतात. त्यातला किती भाग विषारी ठरणार, हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्यावर असतं. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. माशांचे कल्ले खराब व्हायला याच्या कितीतरी कमी अमोनिया पुरतो. शिवाय युरिया लगेच फुटत नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागतात तोवर चमच्याची आठवणही राहिलेली नसते, आणि दोष दुकानदाराच्या माशांना दिला जातो.

स्वोर्डला खत लागतं, हे मात्र खरं. पण ते झाड मुळांनी खाणारं आहे. लोह आणि पोटॅश असलेली रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, मुळांजवळ वाळूत खोल पुरली की झाडाला मिळायचं ते मिळतं आणि पाणीही बिघडत नाही. नायट्रोजनचा बराचसा भाग माशांच्या विष्ठेतून येतोच.

आता मुख्य दावा : फुलाशिवाय रोपं नाहीत. जावा फर्न हे नेचं आहे. नेच्यांना फूल नसतंच, कितीही खत घाला. त्याच्या पानाखाली तपकिरी ठिपके येतात, ते बीजाणूंचे पुंजके. पुष्कळजण रोग समजून ती पानं कापून टाकतात आणि वाईट वाटतं, कारण जुन्या पानांच्या टोकाला नि कडेलाच छोटी रोपं फुटतात. वॅलिसनेरिया वाळूतून रनर, म्हणजे आडवे धुमारे, सोडत पसरते. तिला फुलं येतात, आणि ती बघण्यासारखी असतात : नर फुलं बुडाशी सुटून वर तरंगत येतात, मादी फूल लांब बारीक देठावर पृष्ठभागाला टेकतं, आणि परागण झालं की तो देठ स्प्रिंगसारखा वळून फळाला खाली ओढून घेतो. पण नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि टँकमध्ये बहुधा एकाच झाडाची पिल्लावळ असते, त्यामुळे बी धरत नाही. तरीही टँक भरून जातो तो रनरमुळे. अनुबियासला पाण्याखालीही पांढरं फूल येतं, पण नवं झाड हवं असेल तर आडवं खोड तीन-चार पानांसह कापून दगडाला बांधायचं. ते खोड वाळूत पुरलं की कुजतं.

गोंधळ झालाय तो स्वोर्डमुळे, कारण तिथे फूल आणि रोप एकाच दांड्यावर येतात. दांडा पाण्याबाहेर गेला तर तीन पाकळ्यांची पांढरी फुलं उमलतात. पाण्याखाली राहिला तर कळ्या बहुतेक वेळा उमलतच नाहीत, आणि पेराशी थेट रोपं फुटतात. म्हणजे रोपं हवी असतील तर दांडा वर जाऊ न देता खाली वाकवून दगडाने दाबून ठेवायचा. रोपाला चार-पाच पानं आणि बोटभर मुळं आली की मगच तोडायचं. घाईने तोडलेली रोपं टिकत नाहीत. बी धरलं तरी बाजारातले बरेच रंगीत स्वोर्ड संकरित असल्याने बियांतून आईसारखं झाड येईलच असं नाही. दांड्यावरचं रोप मात्र हुबेहूब तेच झाड असतं.

रात्रंदिवस लाइटच्या सल्ल्याला उत्तर शेतातच आहे. उसाला तुरा येतो तो रात्र मोठी होत जाते तेव्हा, आणि रात्री मध्येच थोडा वेळ प्रकाश दिला तर तुरा रोखता येतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालंय. टँकमधल्या झाडांतही जातीजातीचं वेगळं. कॉर्डिफोलियस स्वोर्डला १२ तासांपेक्षा जास्त उजेड मिळाला की ते पाण्याबाहेर पानं काढू लागतं. म्हणून सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. चोवीस तास दिव्याने हमखास वाढतं ते शेवाळ, आणि माशांना विसावा मिळत नाही तो वेगळाच. आठ ते दहा तास पुरे.

काही झाडांना तर उजेडापेक्षा ऋतू हवा असतो. क्रिप्टोकोरिन खोल पाण्यात क्वचितच फुलते. आपल्या पावसाळ्यात घमेल्यात ओली माती, वर जेमतेम पाणी आणि प्लास्टिकचा कागद, एवढ्यात ती पाण्याबाहेर वाढून फुलू शकते. कासच्या पठारावरचा अपोनोजेटॉन सातारेन्सिस पावसाच्या डबक्यात फुलतो आणि कोरड्या महिन्यांत कंदाच्या रूपात झोपून राहतो. ही जात जगापुढे आणणाऱ्यांत शिवाजी विद्यापीठाचे डॉ. एस. आर. यादव होते. ती उपटून आणायची नाही, पण दुकानातल्या अपोनोजेटॉनची पानं झडली की कंद मेला समजून फेकू नका. विश्रांतीनंतर तो पुन्हा फुटतो, फुलतोही.

राहिला रंकाळा. तिथलं आणि पंचगंगेतलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते दक्षिण अमेरिकेतलं झाड, निळसर फुलांसाठी लोकांनी हौसेनं जगभर नेलेलं. ते मुख्यतः रनरवरच्या पिल्लांनीच पसरतं आणि अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं. टँकमधली परदेशी झाडं सांडपाण्याच्या खतावर काय करतील, याचा प्रयोग आपल्या तलावात नको. जास्तीची रोपं दुसऱ्या हौशी माणसाला द्या. घेणारा नसेल तर उन्हात कडकडीत वाळवून कुंडीच्या मातीत मिसळा.