तेवढंच परत वाजवा

मालवणच्या धक्क्यावर, जिथून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होड्या सुटतात तिथे, मी संध्याकाळी पेटी घेऊन बसतो आणि जवळपास रोज एकाच गोष्टीने माझा जीव जळतो. ऊन कलले की मी मारवा धरतो. या रागात पंचम, म्हणजे 'प', वर्ज्य आहे, आणि षड्जाला, म्हणजे 'सा'ला, टाळत कोमल रिषभावर, म्हणजे उतरलेल्या 'रे'वर, रेंगाळण्यातच त्याची सगळी हुरहूर आहे. ती कुठे जमू लागते तोच कोणीतरी मोबाइल माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर आणून म्हणते, "काका, तेवढंच परत वाजवा ना, मघाशी व्हिडिओत मागे माणसं आली." तेवढंच म्हणजे नेमके काय? मघाचा तो रिषभ मघाच्या अर्ध्या तासातून आला होता. तो मागणीबरहुकूम पुन्हा कसा यावा?

परवा तर एकाने मला थांबवण्यासाठी चालू भात्यावर सरळ हात ठेवला. या खाऱ्या हवेत पेटीतले पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या बारीक पट्ट्या, काळवंडतात, बसके होतात. पावसाळा सरला की मी ते एकेक काढून, पुसून, पुन्हा जुळवून घेतो. त्या पेटीवर परका हात पडला की अंगावर काटा येतो.

पैशांबद्दल माझी तक्रार नाही. रुमालावर काहीही न टाकता दोरखंड गुंडाळत गत संपेपर्यंत ऐकणारे खलाशी इथे आहेत. पण चित्रीकरण करणारा वीस सेकंदांत निघून जातो, आणि मला पुन्हा षड्जापासून सुरुवात करावी लागते.