खुलासा : ‘हाताने रंगवलेले’ म्हणजे चित्रकाराने रंगवलेले नव्हे

वन्यप्राण्यांच्या जुन्या छापील चित्रांविषयी एक मजकूर फिरतो आहे : ‘हाताने रंगवलेली प्रत खुद्द चित्रकारानेच रंगवलेली असते, म्हणून ती मूळ चित्रच.’ हे चूक आहे.

अमेरिकन चित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉनचा उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ घ्या. १८४५ ते १८४८ दरम्यान त्याची १५० मोठी शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रे निघाली. ती फिलाडेल्फियात बोवेनच्या छापखान्यात छापली गेली आणि तिथल्याच कारागिरांनी नमुना समोर ठेवून रंगवली. इतकेच काय, जवळपास निम्म्या प्राण्यांची मूळ चित्रेही ऑडुबॉनची नाहीत. ती त्याचा मुलगा जॉन वुडहाउस याची आहेत.

‘रंग हाताचा, म्हणजे तो छपाईइतकाच जुना’ हेही खरे नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँच्या निसर्गविषयक ग्रंथमालेच्या १७४९पासून निघालेल्या मूळ आवृत्तीतले चतुष्पाद प्राणी काळ्या शाईतच छापलेले होते. त्या पानांवर रंग दिसला, तर तो बहुधा नंतर कुणीतरी चढवलेला. विक्रेते हे आपणहून क्वचितच सांगतात!

भिंगातून पाहा. रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ते हातकाम नाही, फोटोवरून केलेली छपाई आहे. हाताचा रंग बहुधा कुठेतरी रेषेबाहेर सांडतो.